वरचं पाणी आधी थांबवा, मग छत गुळगुळीत करा
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

बायांनो, मी सुप्यातून बोलतेय.

गौरी-गणपती झाले. आता घट बसायच्या आत घराघरात झाडलोट निघेल. गोधड्या धुवायला जातील, भांडी घासून निघतील, आणि जाळी काढायला झाडू वर गेला की नजर छताकडे जाईल. मग मला निरोप येतात. ‘ताई, आमचा स्लॅब खालून लई खडबडीत आहे. प्लेटांच्या रेघा दिसतात, खडी दिसते, जाळी झाडली तरी निघत नाहीत. दिवाळीच्या आत गुळगुळीत करून द्याल का?’

मी मालकांबरोबर गिलाव्याची आणि पुट्टीची कामं करते. आधी बरीच वर्षं घमेलं वाहिलं, मग हातात थापी आली. त्यामुळे हे काम कसं करायचं ते मी सांगणार आहेच. पण आधी माझीच एक चूक सांगते. ती सांगितली नाही तर बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही.

आमच्या गटातल्या एका बाईच्या घरी लग्न होतं. स्लॅब वीस-बावीस वर्षांचा. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ताटाएवढा पिवळा डाग होता आणि त्यातून एक बारीक चीर गेली होती. चिरेच्या कडेला तांबूस रंग उतरला होता. मी तो पाहिला. मनात आलं की बोलावं. पण घरात गडबड, हळद आठ दिवसांवर, गटाचं कर्ज काढून आणलेले पैसे हातात. म्हटलं, आपल्याला पुट्टीचं काम दिलंय, पुट्टी लावू. चीर भरली, दोन हात दिले, घासून काचेसारखं केलं. लग्नात सगळ्यांनी वर बघून नावाजलं.

पुढच्या भाद्रपदात परतीचा पाऊस तीन दिवस लागला. चौथ्या दिवशी पहाटे त्या कोपऱ्यातून परातीएवढा पापुद्रा खाली आला. नुसती पुट्टी नव्हती, तिच्यामागे दोन बोटं जाडीचं काँक्रीट होतं. खाली खाट होती. नवी सून पाच-दहा मिनिटांपूर्वीच उठून चुलीकडे गेली होती. खाटेची पट्टी मोडली. मला बोलावलं तेव्हा मी वर बघितलं, तर सळया उघड्या पडलेल्या, गंजून तांबड्या लाल. त्या बाईनं मला एक शब्द वाईट बोलला नाही. पण कर्जाचे हप्ते अजून चालू होते आणि छत गेलं होतं. तेव्हापासून मी डाग दिसला की थापी हातात घेत नाही. आधी वर गच्चीवर जाते.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ.

आपल्या पारनेर भागात पूर्वी माळवदाची घरं होती. लाकडी तुळया, त्यावर कड्या आणि पाट, वर मातीचा जाड थर. माळवद गळलं तर लगेच कळायचं, आणि दरवर्षी वर माती टाकून, चोपून आपण ते नीट ठेवायचो. काही घरांत लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी आली. मग सिमेंटचे पत्रे आले, मग स्लॅब. स्लॅब घातला की आपल्याला वाटलं, आता वर बघायचं काम नाही. तिथंच चुकलं. माळवदासारखीच स्लॅबलाही दरसाल देखभाल लागते.

स्लॅब खालून खडबडीत का असतो? काँक्रीट ओतताना खाली लोखंडी प्लेटा किंवा फळ्या ठोकतात. त्यांचे सांधे जिथं येतात तिथं रेघा उमटतात. काँक्रीट नीट हलवून बसवलं नाही तर सिमेंटचं दूध निघून जातं आणि नुसती खडी दिसते, मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. काँक्रीट चिकटू नये म्हणून प्लेटांना तेल लावतात. कुठं कुठं त्याचे काळे डाग राहतात. काही घरांत मुद्दाम दाणेदार गिलावा केलेला असतो.

यातली रेघ आणि दाणा नुसता दिसायला वाईट. त्यानं घराला धोका नाही. पण पोळ्यासारखी भोकं आणि दिसणारी सळई ही दुखण्याची जागा. स्लॅबच्या सळईखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असावं, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे पाऊण इंचाहून थोडं जास्त. आपल्याकडे कितीतरी स्लॅब घालताना सळईखाली ठोकळे ठेवलेच जात नाहीत, सळई प्लेटेवर टेकलेली असते. तिला पाणी आणि हवा लागली की ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आत जागा नसते, म्हणून तो खालच्या काँक्रीटला ढकलतो. आधी चीर, मग फुगवटा, मग पापुद्रा सुटतो. वर तुम्ही पुट्टी लावा नाहीतर पीओपीची फुलं काढा, आतला गंज थांबत नाही. उलट डाग झाकला जातो आणि आपण त्याच खाली खाट टाकून झोपतो.

म्हणून बायांनो, काम काढायच्या आधी चार गोष्टी करा. पैसा लागत नाही.

पहिली, बघा. आपल्याकडे मृगाचा पाऊस बेभरवशाचा, खरा पाऊस भाद्रपद-आश्विनातला परतीचा. म्हणून हेच दिवस डाग शोधायचे आहेत. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक खोलीत वर बघा. जिथं ओल दिसेल तिथं खडूनं गोल करा. पुढच्या पावसात गोलाबाहेर ओल गेली का ते बघा. पांढरे मिठासारखे फुलोरे, पिवळे डाग, तांबूस रेघा या सगळ्यांची नोंद करा. पोरांच्या वहीत खोलीचं चित्र काढून त्यावर खुणा केल्या तरी चालतं.

दुसरी, वाजवा. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर ठेवतो. तसंच छत. लाकडी काठीचं टोक घेऊन हातहातभर अंतरावर हळूच ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर तिथला थर सुटलाय. ठोकताना त्या जागेच्या बरोबर खाली उभ्या राहू नका, बाजूला राहा. डोक्याला काहीतरी बांधा आणि लेकरं बाहेर पाठवा.

तिसरी, चोळा. काळं फडकं घेऊन छतावरून फिरवा. फडक्याला पांढरी भुकटी लागली तर वर जुन्या चुन्याचे सुटे थर आहेत. त्याच्यावर पुट्टी लावली तर ती चुन्याला चिकटते, आणि चुना छताला चिकटलेला नसतो. म्हणजे दोन्ही खाली. चिकटपट्टी दाबून लावून झटक्यानं ओढली तरी कळतं. पट्टीबरोबर रंगाचे पापुद्रे आले तर आधी खरवडायला हवं.

चौथी, वर चढा. गच्चीवर पाणी कुठं साचतं ते बघा. पाणी जाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी पाला-माती अडकली आहे का? टाकीखाली ओल आहे का? कठड्याच्या कोपऱ्यात चीर आहे का? वर सरपण, जुने टायर, मोडकी खाट ठेवलीय का? त्याच्याखाली ओल टिकते.

आता यातून तीन प्रकारची घरं निघतील.

पहिलं घर, जिथं सळई उघडी पडली आहे, स्लॅब मधून झुकलाय, मोठी चीर आरपार गेली आहे किंवा बराच भाग पोकळ वाजतोय. तिथं पुट्टी नाही, गिलावा नाही, पीओपी नाही. त्या खोलीत झोपणं बंद करा आणि बांधकामाच्या अभियंत्याला दाखवा. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, तिला गंजरोधक लावून, खास मालानं भरून घ्यावं लागतं. सळई बारीक झाली असेल तर नवी जोडावी लागते. ते माहितगारानंच करायचं काम आहे.

दुसरं घर, जिथं नुसती ओल आहे, आवाज भरीव आहे. तिथं आधी वरचं काम. गच्चीला उतार द्या, चिरा खोदून भरा, विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर घोटून घ्या, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई द्या. नंतर कडेनं मातीचं आळं करून एक इंच पाणी एक दिवस, एक रात्र साठवा आणि खाली बघा. पण ही परीक्षा धड स्लॅबवरच घ्या, कमकुवत स्लॅबवर नको. १०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ २३५ किलो वजन होतं. वरचं काम झालं की खालचा भाग वाळू द्या. घाई केली तर आतली ओल पुट्टीमागे कोंडून राहते आणि फुगे येतात. निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. म्हणजे यंदा दसऱ्याला नाही, थंडीत काम करा. थंडीतली कोरडी हवा या कामाला उत्तम.

तिसरं घर, जिथं सगळं कोरडं, भरीव, फक्त खडबडीत. त्यांनी खुशाल काम काढावं. आता पुढचं सांगते ते प्रामुख्यानं त्यांच्यासाठी.

छत गुळगुळीत करायला आपल्याकडे चार माल मिळतात.

एक, चुना आणि नीरू. नीरू म्हणजे चाळलेल्या, भिजवून मुरवलेल्या चुन्याचा लगदा. गिलाव्यावर पातळ हात देऊन तो घोटतात. चुना आपल्या भागाला जुनाच ओळखीचा. नगरची फराहबाग निजामशाहीच्या काळात चुन्यातच बांधलेली आहे. चुन्याला श्वास असतो, ओल आत कोंडत नाही. मात्र मुरवायला आणि वाळायला वेळ लागतो, आणि हात बसलेला कारागीर आता कमी मिळतो.

दोन, सिमेंटचा गिलावा. जास्त खोल-उंच असेल, प्लेटांचे सांधे बोटभर पुढे आले असतील, तर हा. छताला ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच जाडी पुरते. एक भाग सिमेंटला तीन ते चार भाग चाळलेली वाळू. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, वाया जाणारं धरून साधारण अर्धी गोणी सिमेंट लागतं. पाव इंचाच्या थराचं वजन एका ब्रासला शंभर किलोहून जास्त भरतं. कुणी म्हणालं, इंचभर जाड करून लेव्हल काढतो, तर साडेचार क्विंटलहून जास्त वजन तुमच्या डोक्यावर लटकणार आहे, हे लक्षात ठेवा. छताला जाडी म्हणजे मजबुती नव्हे. त्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारावं लागतं.

तीन, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. बारीक दाणा, टाचणीएवढी भोकं, हलक्या रेघा यांना ती पुरते. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड लावू नये. एवढ्या पूर्ण जाडीला ब्रासला वीस ते पंचवीस किलो माल लागतो. छत आधीच सपाट असेल तर पुष्कळ कमी. पुट्टीनं खड्डा भरायचा नसतो. खड्डा सिमेंटनं, वरचा मुलामा पुट्टीनं.

चार, पीओपी आणि जिप्सम. जिप्सम नावाचा दगड दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पीओपीची पूड होते. पूड भिजवली की ते पाणी ती परत घेते आणि पुन्हा दगड बनते. म्हणून कालवल्यावर घमेलं कोमट लागतं आणि थोड्याच वेळात माल घट्ट होतो. दिसायला हा सगळ्यांत देखणा. गिलाव्यासारखं पाणीही मारावं लागत नाही. पण पाणी हा त्याचा वैरी. ओल लागली की मऊ पडतो, आणि ओला जिप्सम लोखंडाला गंज चढवतो. म्हणून गळणारं छत, न्हाणी, चुलीचं स्वयंपाकघर इथं नको. सळई जवळ दिसत असेल तिथं तर मुळीच नको. पीओपीचे किंवा जिप्समच्या पाट्यांचे टांगते छत करतात, त्यात आणखी एक गोम आहे. वरचा स्लॅब कायमचा दिसेनासा होतो. ते करायचंच असेल तर एखादी पाटी उघडता येईल अशी जागा ठेवायला सांगा.

आता कामाची पद्धत. ही तुम्हाला नवी नाही. सारवताना आपण काय करतो? आधी झाडतो, सुटलेले पोपडे काढतो, खड्डे मातीनं भरतो, जमीन ओली करतो आणि मग पातळ हातानं सारवतो. सुक्या धुळीवर शेण लावलं तर दुसऱ्या दिवशी पापुद्रा निघतो. छताचं तत्त्व तेच आहे.

खोली रिकामी करा, उरलेलं सामान झाका. विजेचा मुख्य खटका बंद करा, पंखा उतरवा. पंख्याचा हूक नीट बघून घ्या, तो गंजला असेल तर हीच बदलायची वेळ आहे. त्याच्यावर पुट्टी थापून त्याला लपवू देऊ नका.

मग तारेच्या ब्रशनं आणि पत्रीनं सुटं सगळं काढा. प्लेटांच्या पुढे आलेल्या कडा छिन्नीनं उडवा. तेलाचे डाग साबणाच्या पाण्यानं घासा. स्वयंपाकघरात धुराची काजळी आणि फोडणीचा चिकटा असतो. तिथं धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून पुसून घ्या, मग स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुसा. काजळी राहिली तर पांढऱ्या रंगातून महिन्याभरात पिवळी वर येते.

गिलावा करायचा असेल तर गुळगुळीत काँक्रीटवर छिन्नीनं जवळजवळ टाचे मारा, म्हणजे माल धरायला खाच मिळते. नंतर ओलं करून सिमेंटचं पाणी ब्रशनं लावा, आणि ते ओलं असतानाच गिलावा चढवा. सिमेंटपाणी वाळून गेल्यावर चढवला तर ते लावून न लावल्यासारखंच.

पुट्टी लावायची असेल तर छत हलकं ओलं करा. माल थोडा थोडा कालवा, दोन तासांत संपेल एवढाच. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करू नका. पहिला हात खोलीच्या एका बाजूनं, वाळल्यावर दुसरा हात आडव्या बाजूनं. मग बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासा. संध्याकाळी खोलीत अंधार करून बॅटरी छताला टेकवून आडवी धरा. लाट, खड्डा, थापीची रेघ सगळं दिसतं. मजुरीचा शेवटचा पैसा द्यायच्या आधी ही बॅटरी लावाच. पूर्ण वाळल्यावर प्रायमर, मग रंग. छताला पांढराच द्या. उजेड परत खाली येतो, एका खिडकीच्या खोलीतसुद्धा फरक कळतो.

आता जीवाची काळजी. पुट्टी घासताना उडणारी पांढरी धूळ छातीत जाते. सिमेंट-वाळूचा गिलावा सुका घासला तर त्यातली गारेची बारीक धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. पदर तोंडाला बांधून भागत नाही. धुळीचा चांगला मास्क घ्या, घट्ट बसणारा. डोळ्यांना चष्मा हवा. छताचं काम म्हणजे सगळं आपल्या तोंडावर पडणार. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेलं तर चोळू नका. लगेच स्वच्छ वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. डब्यावर डबा ठेवून चढू नका, पहाड बांधून घ्या. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, दम्याचं माणूस असेल तर घासायच्या दिवशी त्यांना दुसऱ्या घरी पाठवा.

जुना तेलरंग खरवडताना आणखी सांभाळा. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा रंग सुका घासू नका. ओला करून काढा, पापुद्रे गोळा करून बांधून टाका, चुलीत घालू नका. लहान मुलांच्या मेंदूला शिसं बाधतं.

तिकडं परदेशातही हा प्रश्न आहे. अमेरिकेत जुन्या घरांना लाह्या चिकटवल्यासारखी दाणेदार छतं असतात, इंग्लंडमध्ये कंगव्यानं काढल्यासारखी नक्षी असते. लोकांना आता ती नकोशी झालीत, त्यावर गुळगुळीत थर देतात. पण त्यातल्या कित्येक जुन्या छतांत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं आहे. त्याचे तंतू छातीत गेले की वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेनं १९७८ मध्ये सजावटीसाठी असा माल फवारायला बंदी केली, ब्रिटननं १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच बंद केलं. म्हणून तिथं खरवडायच्या आधी नमुना तपासून घेतात. आपल्या छतात तसले दाणे नसतील, पण आपल्या पडवीवरचा, गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा कित्येकदा अ‍ॅस्बेस्टॉसचाच असतो. तो घासू नका, फोडू नका, त्याला सुकी भोकं पाडू नका. खालून पुट्टी लावायच्या नादात त्याला खरवडू तर अजिबात नका.

शेवटी पैशाचं बोलू. आपल्या गटात कर्ज मागायला बाई येते तेव्हा आपण विचारतो, कशासाठी? ‘पीओपीसाठी’ असं उत्तर आलं तर आणखी एक विचारा, ‘वरून गळतंय का?’ गळत असेल तर कर्ज आधी गच्चीला. हिशेब अंगठ्यानं करू नका. खोलीची लांबी-रुंदी मोजा. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, सव्वा ब्रासच्या आतबाहेर. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २७० चौरस फूट, पावणेतीन ब्रासला थोडं कमी. मजुरी दर चौरस फुटावर ठरवा, कितव्या हातापर्यंत आणि रंग धरून की सोडून तेही. माल तुम्ही आणणार असाल तर गोणीवरची तारीख बघा, जुनाट माल धरत नाही. पैसे तीन टप्प्यांत द्या: खरवडून झाल्यावर, दुसरा हात झाल्यावर आणि बॅटरी लावून बघितल्यावर. हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आणि एक सांगायचं राहिलं. सुप्याला एमआयडीसी आल्यापासून भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि पुट्टीचं कामही वाढलं. बांधकामावर घमेलं बाईच्या डोक्यावर असतं, थापी मात्र गड्याच्या हातात, आणि मजुरीतला फरकही तसाच. सारवणाचा, पोतेऱ्याचा हात आपल्याला लहानपणापासून आहे. पुट्टी शिकायला फार दिवस लागत नाहीत, आधी भिंतीवर शिका, मग छताला हात घाला. ज्या बायांनी मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलंय आणि वय १८ ते ६० च्या मध्ये आहे, त्यांनी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्या. घमेलं वाहणारी बाईही बांधकाम कामगारच आहे.

त्या मैत्रिणीच्या घराचं काय झालं, ते विचाराल. पुढच्या उन्हाळ्यात अभियंत्याला दाखवून वरचा कोबा केला, सळई घासून काँक्रीट भरून घेतलं. खालची पुट्टी मी लावली, मजुरी घेतली नाही. परवाच्या पावसात तिनं फोन केला. म्हणाली, ‘खडूचा गोल कोरडा आहे.’ तिनं तो गोल अजून पुसलेला नाही.

या आठवड्यात पाऊस झाला की तुम्हीही खडू घेऊन वर बघा.